इतवारीने न पाहिलेला पिच्चर

तो पोस्टमनचा पिच्चर ज्याने पाहिला नाही असा माणूस शोधायचा म्हटला, तर दिवा घेऊन फिरावं लागेल. पण सापडेल. पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यापायी उठून आलेल्या एका नव्या गावात, तिसऱ्या गल्लीत तो राहतो. नाव इतवारी, जातीने धिवर, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. मासोळीतलं त्याला सगळं कळतं आणि माणसांतलं फार उशिरा कळतं. हे दुसरं त्याची बायको सखाबाई म्हणायची, आणि ती उगीच काही म्हणत नसे.

पिच्चर हिंदी. एका खेड्यातला पोस्टमन, अडाणी गाव. तो लोकांना त्यांची पत्रं वाचून दाखवतो आणि ज्यांची येत नाहीत त्यांची स्वतःच लिहून आणतो, एवढीच गोष्ट. टॉकीजला लागला तेव्हा मोठ्या शहरांत म्हणे आठवडाभरसुद्धा टिकला नाही. पुढे टीव्हीवर लागत गेला आणि बघता बघता लोकांच्या तोंडी बसला. 'आई तो पढ़ दूँगा, नहीं आई तो लिख दूँगा,' हे त्यातलं वाक्य आसगावच्या बाजारात वांगी विकणारा बोलतो, ग्रामसेवक बोलतो, दहावीला नापास झालेली पोरं निकालाच्या दिवशी बोलतात. आणि सगळे हसतात. इतवारीही हसतो, पण दुसऱ्यांची तोंडं पाहून, जरा मागाहून.

तुम्ही म्हणाल, एक पिच्चर नाही पाहिला तर असं काय आभाळ कोसळलं? कोसळलं नसतं. पण त्या पिच्चरमध्ये सखाबाई होती.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गाव नदीकाठी होतं आणि वैनगंगा घाटापर्यंत पायऱ्या चढून यायची. पिच्चरवाले चार दिवसांसाठी आले. नायक डोंग्यातून घाटावर उतरतो आणि मासोळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया नदीकडे पाहत असतात, असं काहीतरी त्यांना घ्यायचं होतं. बाया त्यांनी धिवर मोहल्ल्यातल्याच घेतल्या. दुसऱ्या दिवशी उभं राहायची तालीम झाली, तेव्हा त्यांच्या साहेबाने सखाबाईला सगळ्यांच्या पुढे आणून उभं केलं. ती सव्वीस वर्षांची होती, रंजू तिच्या कडेवरून नुकती उतरली होती. तिला मजा वाटली. इतवारीलाही वाटली. तोही घाटाच्या पायरीवर बसून पाहत होता.

त्याच संध्याकाळी मासोळीचे वाटे घालताना देवानंद बोलला. देवानंद म्हणजे त्याच्याच जाळ्याचं दुसरं टोक धरणारा जोडीदार, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला या जातीचा. म्हणाला, आता अख्खी दुनिया इतवारीची बायको पाहणार, इतवारी फक्त तिची टोपली उचलणार. वाट्यावर बसलेले सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, रोज कुणाची ना कुणाची उडवलीच जायची. पण इतवारीला ते मिरचीसारखं झोंबलं. दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं. त्याने पहाटेच डोंगा काढला आणि तो नदीत निघून गेला.

पुढे सहा-सात महिन्यांनी पिच्चर पवनीच्या टॉकीजला लागला. गावाने ट्रॅक्टर सांगितला. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळी ट्रॉलीत चढून बसली. सखाबाई नव्या पातळात, रंजूला मांडीवर घेऊन पुढेच बसली होती आणि इतवारीसाठी तिने शेजारी जागा धरून ठेवली होती. तेवढ्यात ट्रॉलीतून कुणीतरी ओरडलं, हिरोईनच्या मालकाला जागा द्या रे. झालं. इतवारी उलट्या पावली घाट उतरला, ओंजळीत नदीचं पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत बोलला, हा पिच्चर मी पाहीन तर माझ्या जाळ्यात मासोळी येऊ नये.

आता हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार दिवसांत विसरून गेलं असतं. शेतकरी माणूस रागाच्या भरात दहा शपथा घेतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत अकरा मोडतो. पण ओंजळीत नदी घेऊन बोललेला शब्द धिवर मोडत नाही. ज्या पाण्यावर पोट, त्याच्याशी खोटं कोण बोलणार? ट्रॅक्टर निघाला. सखाबाई खाली उतरली नाही, आणि ते तिने बरोबरच केलं असं माझं मत आहे.

तिथे पडद्यावर तिचा चेहरा एवढा मोठा आला म्हणतात की टॉकीजची भिंत पुरेना. ती हसते. दहा मोजावेत इतका वेळ नुसती हसते, बोलत काही नाही. मग पोस्टमन घाट चढून जातो. गावाने तो पिच्चर तीनदा पाहिला, सखाबाईनेही. घरी आल्यावर ती सांगायला लागली की इतवारी जाळं सांधायला बसायचा, फाटलेलं नसलं तरी.

वर्षं गेली. धरण झालं, पाणी चढलं, घाट बुडाला, गाव उठलं. नव्या गावात प्रत्येकाच्या घरी टीव्ही आला आणि त्यावर तो पिच्चर वरचेवर लागायचा. लागला की इतवारी चप्पल घालून बाहेर पडायचा. सखाबाई एकदा त्याच्या मागोमाग दारापर्यंत आली.

"आता नदी राह्यली कुठं?" ती म्हणाली. "धरण झालं. धरणाची आण कोण घेते? चला, एक डाव पाहून घ्या. मी काही तुमाले हासणार नाही."

पाणी तेच आहे, असं इतवारी म्हणाला. ती आत गेली. वाद त्याने जिंकला, आणि त्या जिंकण्याचं काय करायचं हे त्याला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सखाबाई पोटाच्या दुखण्याने गेली. तेरवीला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता आणि घरात फोटो एकच, आधार कार्डावरचा. पवनीच्या स्टुडिओवाल्याने त्यावरून मोठा करून दिला. त्याच्याकडे साड्या नेसलेली तयार धडं असतात, त्यावर तो डोकं बसवतो. सखाबाईच्या वाट्याला निळी रेशमी साडी आणि गळ्यात जाड हार आला. वर तोंड तिचं, पण रांगेत ताटकळून कंटाळलेलं, ओठ मिटलेले. इतवारी रोज त्या फोटोला उदबत्ती लावायचा आणि रोज मनात म्हणायचा, ही कोण बाई आहे?

आणि एक दिवस जाळं ओढता ओढता त्याच्या लक्षात आलं की सखाबाई हसायची कशी ते आपल्याला आठवत नाही. आवाज आठवला, शिव्या आठवल्या, चुलीपुढची बसायची रीत आठवली. हसणं येईना. तो घाबरला. इतका घाबरला की जाळं अर्धं पाण्यात सोडून घरी आला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या दिवशी पीळ गेला. त्याने नारळ घेतला, धरणाच्या पाण्यात गुडघाभर उतरला आणि शपथ परत मागितली. मासोळी नाही आली तर न येवो, म्हणाला, पण मले एक डाव पाहू दे. मग सानगडीला फोन केला. रंजू तिथे दिलेली. दिवाळीला आली तेव्हा तिने मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून खाटेवर उभा केला आणि भर दुपारी दार लोटून बाप-लेक पिच्चर पाहायला बसले.

गोष्टीकडे त्याचं लक्षच नव्हतं. ज्या वाक्यावर देश हसतो ते येऊन गेलं, त्याला कळलंही नाही. थोड्या थोड्या वेळाने तो विचारायचा, केव्हा येते? रंजू म्हणायची, गाणं झालं की येते बाबा. गाणं झालं. नदी आली, आणि ती पाहून तो मोबाइलजवळ सरकला, कारण ती त्याचीच नदी होती, धरणाआधीची. डोंगा आला. डोंग्यातून पोस्टमनने पाय खाली टाकला, आणि पुढच्या क्षणी तो पोस्टात बसून पत्रांवर शिक्के मारत होता.

रंजूने मागे घेतलं. पुन्हा पाय, पुन्हा शिक्का. तिने दुसऱ्या ठिकाणी शोधला, तिसऱ्या ठिकाणी शोधला, सगळीकडे पाय आणि शिक्का. टीव्हीवरही तिने तो भाग कधी पाहिला नव्हता, जाहिरातीत गेला असेल असं तिला वाटायचं. गावात सगळ्यांनाच तसं वाटायचं. टॉकीजमध्ये ती आईच्या मांडीवर होती, पण तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार? ती रडायला लागली. इतवारी तिची समजूत काढत बसला, आणि आपली कोण काढणार हे त्याला कळेना.

जावयाने नागपुरात ओळखीच्या एकाला विचारलं. तो म्हणाला, टीव्हीसाठी पिच्चर छाटला असेल, छाटलेलं कोण जपून ठेवतं? पवनीच्या टॉकीजचं तर कधीच मंगल कार्यालय झालं होतं. रंजूने मोबाइलवर पिच्चरच्या खाली लिहून विचारलं, यात घाटावरच्या बायांचा एक भाग होता, तो कुणाकडे आहे का, त्यात माझी आई आहे. तीनशे लोकांनी उत्तर दिलं. बहुतेकांनी तेच वाक्य लिहिलं होतं, नहीं आई तो लिख दूँगा, आणि पुढे हसरी तोंडं.

पिच्चर पाहिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी इतवारीच्या जाळ्यात इतकी मासोळी आली की एकट्याला ओढवेना. एवढी वर्षं त्याने जी शपथ छातीशी धरून ठेवली, ती नदीच्या गावीही नव्हती. त्याला त्या मासोळीचा रागच आला.

मग तो वरातीमागून घोडं घेऊन निघाला. दारोदार जाऊन विचारू लागला, सांगा, सखाबाई पडद्यावर कशी दिसत होती? देवानंद आता गुडघ्यांनी बसला आहे, ओसरीवरच असतो. तो म्हणाला, डोईवरचा पदर पडला होता आणि ती दोनदा हसली. शेजारची देवकाबाई म्हणाली, पदर दातात धरला होता. कुणी म्हणालं हिरवं पातळ. हिरवं पातळ सखाबाईकडे कधी नव्हतंच. प्रत्येक जण शपथेवर सांगत होता आणि प्रत्येकाची सखाबाई निराळी होती. यातली खरी कोणती हे ठरवायला इतवारीने ती एकदा तरी पाहिलेली असायला हवी होती.

देवानंदला तो शेवटी म्हणाला, "तू ते मजाक नसती केली ना, तं मी पाह्यला असता."

"कोणती मजाक?" देवानंदने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हती. इतवारीने ती सांगितली, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "एवढीशी गोष्ट होती बे ती."

राहिली गिरजाबाई. शूटिंगच्या दिवशी सखाबाईच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली तीच. आता ऐंशीला टेकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण बुद्धी शाबूत. इतवारी तिच्यापाशी जाऊन बसला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. पदर, पातळ, काहीही सांग काकी, पण खरं सांग.

गिरजाबाईने पदर-पातळ काही सांगितलं नाही. ती सुपातले तांदूळ चाचपत होती.

"त्या सायबानं सांगतलं, डोंग्याकडं पाहा, पोस्टमन येऊन राह्यला," ती म्हणाली. "आमी समद्या तिकडं पाहून राह्यलो. सखा नाही. ती पल्याड पाहून राह्यली होती. तू तिथं आपल्या डोंग्यात बसला होता ना, आमच्याकडं पाठ करून. मले म्हणे, पाहा काकी, कसे फुगले. आता वळतेत पाहा, आता वळतेत. अन् हासली. तेच हासणं घेतलं त्याइनं पिच्चरमंदी."

इतवारीला तो दिवस आठवला. जाळ्यात काही नव्हतं, उगीच डोंग्यातलं पाणी उपसत बसला होता. मागे घाटावर बाया हसल्याचं त्याने ऐकलं होतं आणि मान आणखीच ताठ केली होती.

"अन् मंग?" त्याने विचारलं.

"मंग काय," गिरजाबाई म्हणाली. "तू नाही वळला."