जुन्या सर्व्हरवर राहिलेलं पान

जिया मुलाणी मूळची इंदुरीची. लग्न होऊन तुंगार्लीत आली आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून वेबसाइटची कामं करू लागली. बंगलेवाले, चिक्कीची दुकानं, पवनेकाठी तंबू लावणारे, अशी तिची गिऱ्हाइकं. या सगळ्यांत एक वेबसाइट मात्र वेगळी होती. ती केरबा भाऊंची.

केरबा भाऊ मावळातले जुने सर्पमित्र. कुठल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस आज शिल्लक आहे आणि कुठं संपलीय, एवढंच त्यांच्या पानावर असायचं. भाऊ रोज सकाळी सगळीकडे फोन लावत आणि मिळालेली माहिती मोबाइलवरून भरत. भातलावणी सुरू झाली की गावोगाव ते पान उघडलं जाई.

त्या वर्षी नेमकं लावणीतच सर्व्हरवाल्या कंपनीनं कळवलं, की जुनी यंत्रं बंद होणार, सगळ्यांनी आपापल्या वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवाव्यात.

"लावणी उरकल्यावर हलवलं तर न्हाई का चालणार?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, ते थांबायला तयार नाहीत. त्यांनी बंद केलं तर पानच जाईल."

भाऊंचं पान ज्या पद्धतीनं बांधलं होतं ती केव्हाच मागे पडलेली. नव्या सर्व्हरला ते समजेना. आधी कोरा पडदा आला. मग पान उघडलं, पण सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. जियानं एकेक भाग नव्यानं लिहून काढला. शेवटी गावांची नावं सरळ वाचता आली, तेव्हा तिनं वेबसाइटच्या नावापुढचा पत्ता बदलला, म्हणजे नाव टाकलं की माणूस नव्या सर्व्हरवर जाईल. भाऊंना फोन करून सांगितलं, "बघा, दिसतंय?"

"दिसतंय की. झ्याक."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी नेहमीसारखी माहिती भरली. डोंगराकडच्या केंद्रातली लस आदल्या रात्री दोन रुग्णांना लागली होती, म्हणून तिथं त्यांनी 'संपली' असं टाकलं. जिया तंबूवाल्या मेहबूबचाचांच्या वेबसाइटकडे वळली. तिथले तंबूंचे फोटो हलवताना गायब झाले होते आणि चाचा सकाळपासून तापले होते.

दुपारी भाऊंचा फोन आला. आवाज चिरका झालेला.

"जिया, आपल्या पानावर काय घोळ झालाय? धरणाकडच्या वस्तीवरनं कोंडाजीच्या पोराचा, स्वराजचा फोन आलता. त्याच्या वहिनीला घोणस चावलीय, लावणी करताना. म्हणतो, पानावर बघितलं, डोंगराकडच्या केंद्रात लस हाय, तिकडंच निघालोय. मी ओरडतोय न्हाई म्हणून, तेवढ्यात फोन तुटला. आता लागत न्हाई."

जियानं पान उघडलं. 'संपली.' बरोबर होतं. मोबाइलवर उघडलं. तिथंही बरोबर. मग तिनं नवऱ्याचा मोबाइल ओढला. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड होतं. पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लस उपलब्ध'.

पत्ता बदलला तरी सगळ्या मोबाइल कंपन्यांना ते एका वेळी कळत नाही. काहींची गिऱ्हाइकं आणखी काही तास जुन्याच सर्व्हरवर जात राहतात. हे तिला ठाऊक होतं. बंगल्याचे दर जुने दिसले तर कुणाचं बिघडत नाही, म्हणून या गोष्टीची तिनं कधी फिकीर केली नव्हती. जुनं पान तिनं तसंच उघडं ठेवलं होतं.

"भाऊ, गाडी कुठली?"

"कोंडाजीची पांढरी बोलेरो. पवनेच्या रस्त्यानं येणार, फाट्यावरनं वर वळणार. लस हाय ती कामशेतला; वर जाऊन परत तिकडं यायचं म्हंजी तासाच्या वर जाईल, पोरी. घोणस हाय ती."

फाटा. फाट्यावर मेहबूबचाचांचं तंबूंचं ऑफिस होतं. तिनं नंबर लावला.

"आता फोन करतीस व्हय? फोटो अजून दिसंनात..."

"चाचा, फोटो राहू द्या. रस्त्यावर या. पांढरी बोलेरो येईल, आत साप चावलेली बाई आहे. केरबा भाऊ सांगतायत, वर लस नाही. गाडी कामशेतकडे वळवा. काहीही करा, पण वर जाऊ देऊ नका."

फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज, मग टेम्पो सुरू झाल्याचा, मग नुसता वारा. टेम्पो त्यांनी वर जाणाऱ्या रस्त्यावर आडवा घातला होता. जिया कानाला फोन दाबून उभी राहिली. गाडी आधीच वळून गेली असेल तर? हे विचारायचीही तिला भीती वाटत होती.

मग लांबून हॉर्न ऐकू आला. न थांबणारा.

"बाजू व्हा! पेशंट हाय!" कुणीतरी ओरडलं.

"वर लस न्हाई, बाबा! केरबाचा निरोप हाय! कामशेतला जा, कामशेतला!"

थोडी वादावादी झाली. गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. "वळले," चाचा धापा टाकत म्हणाले. "बाईच्या हिरड्यांतनं रगत येतंय. या अल्ला, वाचव तिला."

भाऊंनी कामशेतच्या दवाखान्यात आधीच फोन करून ठेवला. जिया जुन्या सर्व्हरमध्ये शिरली आणि तिथलं सगळं पुसून एकच ओळ टाकली: 'ही माहिती जुनी आहे. आधी केरबा भाऊंना फोन करा', खाली नंबर. सकाळपासून किती माणसं ते जुनं पान बघून गेली होती, कोण जाणे. दोघांनी केंद्राकेंद्राला फोन करून विचारलं, आणखी कुणी आलं होतं का? कुणी आलं नव्हतं.

चावलेली बाई म्हणजे कोंडाजींची सून स्नेहल. लस वेळेत मिळाली, पण मूत्रपिंडांना मार बसला होता. तिला पुण्याला हलवलं, डायलिसिस करावं लागलं. ते दिवस जियाला धड जेवण गेलं नाही. स्नेहल घरी आल्याचं कळलं, तशी ती भाऊंबरोबर वस्तीवर गेली.

स्नेहल भिंतीला टेकून बसली होती. पाय अजून सुजलेला.

"मोबाइलवर चुकीचं दिसलं ते माझ्यामुळे," जिया म्हणाली. "जुनं पान मी आधीच झाकायला हवं होतं."

अंबूबाई, स्नेहलची सासू, पदर तोंडाला लावून बसली.

"आमी तर ते पान बघून बिनघोर झालतो," कोंडाजी म्हणाले. "वाटलं, चला, लस हाय."

जियाचे डोळे भरून आले.

"रडू नका ताई," स्नेहल म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "पान बंद मात्र करू नका. परवा पलीकडच्या वस्तीवर पोराला फुरसं चावलं, तवा ह्यांनी तेच बघून नेलं त्याला. बरोबर निघालं."

जिया तिच्याजवळ जाऊन बसली. अंबूबाई चहाला उठली.