तांब्याचं कडं

आमचे हे, म्हणजे जिनाप्पा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, तरी त्यांची बोलायची हौस फिटली नाही. माझ्याशी बोलायची म्हणत नाही मी! परवाना काढून हॅम रेडिओवर जगभर बोलायचे, आणि सगळ्यात जास्त बोलायचे ते बेडकिहाळच्या आदगोंडाअण्णांशी. निपाणीहून बेडकिहाळ ते किती लांब? पण दोन्ही घरची जेवणं दिवस बुडायच्या आत उरकली की सात वाजता दोघं आपापल्या घरी माइक धरून बसणार आणि उसाला पाणी दिलं का, हे हवेतून विचारणार. नेमकी तेव्हाच माझी मालिका. टीव्ही लावला की ह्यांच्या रेडिओत घरघर, त्यामुळे रोजचा तंटा.

पुढं शेजाऱ्यांनी मजला चढवला आणि आमची गच्चीवरची लांब एरियल काढावी लागली. अण्णा म्हणाले, "जिनाप्पा, आपण लूप करू रं, गोल एरियल. खोलीत मावतोय." फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी आणली, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाभोवती दोघांनी मिळून वाकवली. ते वेटोळं खोलीत उभं केलं तेव्हा मी म्हटलं, "हत्तीच्या पायातलं कडं घरात कशाला आणलंय?" दोघं पोरांसारखे हसले. वरच्या दोन टोकांत स्टेशन जुळवायचा कंडेन्सर बसवायचा तेवढा राहिला होता.

तेवढ्यात अण्णांनी दिगंबर मुनींची दीक्षा घेतली. केस हातानं उपटून केशलोच झाला, अंगावरची वस्त्रं उतरली, नावही बदललं. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, बस्स. गावानं जयजयकार केला, ह्यांनीही केला. घरी आल्यावर मात्र त्या कड्यापुढं बसून राहिले. "चांगलंच झालं की गं," म्हणाले आणि डोळे पुसले.

पुढं ॲल्युमिनियमचे पत्रे कापून कंडेन्सर ह्यांनी एकट्यानंच केला. पण लूपची एक खोड असते. जुळवायला हात जवळ नेला की लागलेलं स्टेशन सरकतं. शेवटी वेळूची लांब काठी जोडली आणि लांब उभं राहून केसभर, केसभर फिरवत बसले. लागला एकदाचा. केरळ बोललं, श्रीलंका बोलली. सातला मात्र हे माइकचं बटण दाबून आपली कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, सांगायचे, बटण सोडायचे आणि नुसते ऐकत राहायचे.

"आवो, मुनी काय रेडिओ लावणार हाईत व्हय?"

"ठावं हाय गं मला."

ठाऊक होतं, तरी रोज बसायचे. मला त्या रेडिओचा राग यायचा, आणि ह्यांची कीव.

यंदा महाराजांचा, म्हणजे आमच्या अण्णांचाच, पायी विहार इकडून निघाला आणि कोगनोळीला मुक्काम पडला. वाटभर हे एकच वाक्य घोकत होते, "लूप लागला." दर्शनाला रांग. महाराज प्रत्येकाला एकेक नियम देत होते. आमच्या पुढच्यानं तंबाखू सोडली. मग ह्यांची पाळी आली. "नमोस्तु" म्हणून वाकले आणि घोकलेलं वाक्य राहूनच गेलं. महाराजांनी सगळ्यांकडे पाहिलं तसंच ह्यांच्याकडे पाहिलं. ओळख ना पाळख. माझा जीव नुसता जळला.

"रोज संध्याकाळी सात ते साडेसात मौन पाळा," महाराज म्हणाले. पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि पुढच्याकडे वळले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बरी जिरली. आता ठेवा ते कडं माळ्यावर."

हे रस्त्याच्या कडेला थांबले. "येळ कुणी सांगितली गं त्यास्नी?"

सातची वेळ तर त्या दोघांचीच होती. हे भर रस्त्यात रडले, आणि मीही रडले. दिवस बुडाला की मुनी बोलत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण सात वाजता तिकडंही मौनच असतं, हे तेव्हा कळलं.

आता सात वाजले की टीव्ही मीच बंद करते आणि ह्यांच्या शेजारी बसते. हे काठी फिरवून लूप जुळवतात, पण बटण दाबत नाहीत. कधी लांबून कुणी ह्यांची कॉल साइन पुकारतं, तेव्हा नुसती मान हलवतात. बाकी खरखर. साडेसात झाले की रेडिओ बंद करून म्हणतात, "आज लई स्पष्ट आलं."