मयूरच्या सायकलचे ब्रेक

सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या वृषालीने भावाची, मयूरची, रेसिंग सायकल खुंटीवरून खाली काढली, तेव्हा आईने, कलाबाईने, एकच अट घातली.

"ब्रेक बदलल्याबिगर बसू नको तिच्यावर. त्यानंच खाल्लं माह्या पोराले."

मयूर दर रविवारी रामाकोन्याच्या पुढचा घाट चढून जायचा आणि सुसाट उतरायचा. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर तो कठड्यावरून दरीत गेला. कुणी पाहिलं नव्हतं. सायकल कठड्यालाच अडकली. खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नाही. ब्रेक लागला नसेल, असं स्मशानात कुणीतरी म्हणालं आणि घराने ते घट्ट धरून ठेवलं. तेव्हापासून सायकल पडवीत टांगलेली. वारा नसताना तिचं मागचं चाक टिकटिकत फिरल्याचं वृषालीला कधीकधी ऐकू यायचं. आईचाही हात तेवढ्यात पोळीवर थांबायचा. दोघी त्याबद्दल बोलत नसत.

सायकल बसच्या टपावर टाकून ती पांढुर्ण्याला भूपेंद्रच्या दुकानात गेली. मयूर सगळं सामान इथूनच न्यायचा. भूपेंद्रने सायकल ओळखली.

त्याने ब्रेकच्या रबरांच्या जोड्या काऊंटरवर मांडल्या. लांबट होत्या त्या टायरला घासल्या असत्या. दुसऱ्या कार्बनच्या रिमसाठी होत्या आणि ही रिम ॲल्युमिनियमची. उरल्या दोन, आखूड, धातूच्या खोबणीत बसणाऱ्या.

"हे कडक हाये, लय दिवस चालते," भूपेंद्र म्हणाला. "हे नरम. लवकर झिजते, पण ओल्या रस्त्यावर पकडते चांगलं. कुठं चालवून राहिल्या ताई?"

"घाटात."

त्याने मान वर केली नाही. नरम जोडी पुढे सरकवली आणि जुनी रबरं काढून तिच्या हातात दिली.

वृषालीने ती नव्यांच्या शेजारी ठेवली. टांगून राहिल्याने वरचा थर दगडासारखा झाला होता, पण जाडी जवळजवळ सारखीच. झीज दाखवणाऱ्या खाचा अजून खोल होत्या. तिने ब्रेकची दांडी दाबून पाहिली. तार ताठ होती.

"भूपेंद्रभाऊ, हे तर झिजलेच नाही."

"नाही. अपघाताच्या आधीच बदलून देल्ले होते मी."

"मंग तो थांबला काहून नाही?"

भूपेंद्र पाना पुसू लागला. "रोहीबिही जनावर आडवं आलं असन. नाहीतर डोयात कचरा गेला असन. कोणाले मालूम, ताई."

नवी रबरं बसवून घेऊन जुनी तिने तिथेच सोडली.

घरी कलाबाई दारातच उभी होती. "काय म्हणे तो?"

"पार झिजले होते, आई. त्यायच्यात काही उरलंच नव्हतं."

"म्या म्हणतच होती," कलाबाई म्हणाली आणि उंबऱ्यावरच खाली बसली. त्या दुपारी ती गाढ झोपली. वृषाली तिच्या उशाशी बसून होती. आईच्या वाटचं ओझं आता तिच्याकडे आलं होतं.

रविवारी ती घाटात गेली. उतरताना त्या वळणाआधी तिने दोन्ही दांड्या दाबल्या. सायकल जागच्या जागी थांबली, कुरकुर न करता, एखाद्या पाळीव जनावरासारखी. इतकं सोपं होतं थांबणं. कठड्यापलीकडे सागाची झाडं, ऊन, खाली कुठेतरी गुरांच्या घंटा. आपल्या उजव्या हाताला, अगदी खांद्याजवळ, कुणीतरी दम खात उभं आहे असं तिला वाटलं. तिने वळून पाहिलं नाही.

"मयूर, सांग ना रे," ती म्हणाली.

वरून एक ट्रक आला आणि हॉर्न देत निघून गेला. मग ती उतरून सायकल हाताने ढकलत वळण पार करून गेली.

अजूनही दर रविवारी ती जाते. कलाबाई डबा भरून देते, परतल्यावर विचारते, "लागले नं ब्रेक बरोबर?"

"लागले," वृषाली सांगते आणि हात धुवायला मोरीत जाते.