टोकदार डोळ्यांच्या बाकावरून

मला लिहायला बसवलंय ते आमच्या तंजावुरच्या मराठी मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेसाठी. राजवाड्यामागच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर महिनाभर रोज येऊन आमच्या ओट्यावर ठाण मांडतात. "राव, इस्पितळातले किस्से लिहा. गमतीचे!" अहो, मी चौथी नापास. देवनागरी येते ती बापानं कान पिळून शिकवली म्हणून. आणि तंजावुरात ती वाचणारे उरलेत किती? अकरा. त्यातले चार चष्मा घरी विसरून येणारे!

तरी लिहितो. डोळ्यांच्या इस्पितळात, बाकावर बसलेल्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. किस्से म्हणजे डोळ्यातली चिपडं, पुसावी तेवढी जमतात. पण मास्तर, सगळे गमतीचे नाहीत. एक माझ्या नातीच्या, तुळजाच्या डाव्या डोळ्याचा आहे. तो डोळा जायला आला होता आणि ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेही लिहिणार. नको असेल तर पान फाडा.

*

आधी रोग समजून घ्या. डोळ्याच्या पुढची काच गोल असायची, ती पातळ होत जाते आणि पुढं टोक काढते, भोवऱ्यासारखं. मग एका दिव्याचे चार दिवे दिसतात, चष्म्याचा नंबर पळत सुटतो. कोवळ्या वयातच धरतो हा रोग.

खिशाखिशात मोबाइल आले, त्या सुमाराला आमचे मोठे डॉक्टर वरदराजन यांनी परदेशी मशीन आणलं. डोळ्याचा रंगीत नकाशा काढायचं. जिथं टोक, तिथं तांबडं.

एक कापड दुकानातला पोऱ्या तो नकाशा घेऊन थेट ज्योतिषाकडे गेला. ज्योतिषी म्हणाला, "मध्यभागी मंगळ आहे. पोवळं घाल, तीन महिने थांब."

तो ते सांगत परत आला, तर डॉक्टर खवळले. "अडाणी लोक! डोळ्याचा नकाशा म्हणजे पत्रिका का? तीन महिने थांब, मग परत नकाशा काढू."

पोऱ्या बाहेर येऊन मला म्हणाला, "दोघं सारखंच सांगतात. पण ज्योतिषानं निदान बसायला पाट दिला!"

*

मग आला जांभळा दिवा. डोळ्याच्या काचेवरची पातळ कातडी खरवडायची, अर्धा तास जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालायचे, अर्धा तास तो दिवा दाखवायचा. काच घट्ट होते, टोक आहे तिथं थांबतं.

कालव्यापलीकडच्या गावातल्या एका भातगिरणीवाल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. त्याचा मुलगा कॉलेजात होता. "जीवनसत्त्व आणि ऊन, एवढंच ना?" म्हणाला आणि मोपेडवर मुलाला घालून घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी दोघं हजर. बाप छाती काढून सांगतो, "सार, रोज दोन पिवळ्या गोळ्या दिल्या आणि गच्चीवर अर्धा तास सूर्याकडं बघायला बसवलं. तुमच्या मशीनपेक्षा आमचा दिवा मोठा!"

डॉक्टरांच्या हातातलं पेन पडलं. मुलाला आत ओढून तपासलं. डोळ्याला काडीचा धक्का नाही!

"अरे, हे कसं काय?"

मुलगा बापाकडं न बघता पुटपुटला, "मी रोज झोपत होतो, सार."

*

पिवळा थेंब दर तीन मिनिटांनी पडायला हवा. एकदा तिरुवैयारुचा मृदंग शिकवणारा तरुण टेबलावर होता. थेंब चालू असताना वीज गेली, भिंतीवरचं विजेचं घड्याळ बंद. आपली मनगटी घड्याळं डॉक्टर आणि नर्स दोघंही बाहेर काढून आलेले. लागले भांडायला. "दोन मिनिटं झाली." "नाही सार, चार झाली."

टेबलावरून आवाज आला, "मागच्या थेंबापासून आदितालाची अडतीस आवर्तनं झाली. तीन मिनिटं छत्तिसाव्यालाच भरली. थेंब घाला."

पठ्ठ्या पहिल्या थेंबापासून मांडीवर बोटानं ताल धरून पडला होता!

डॉक्टर ओरडले, "हलू नका!"

"मी हललो नाही, सार. लय तुम्ही सोडलीत."

*

डॉक्टरांचं संशोधनही चालायचं. त्यासाठी इंग्रजी कागदावर सही घ्यायची. एका म्हातारीच्या मुलाचा कागद होता. डॉक्टरांनी समजावलं, "आक्का, यानं डोळा बरा होणार नाही. जेवढा बिघडलाय तेवढ्यावर थांबेल. पुढं बिघडणार नाही."

म्हातारीनं विचार केला. "म्हणजे आहे तेवढ्यावरच थांबतं?"

"हो."

"मग उद्या नवऱ्याला पण आणते. त्याला आधी लावा!"

*

बाकावर मला एक गोष्ट दिसत होती. टोकवाली सगळी पोरं डोळे चोळायची. साधं नव्हे, बोटांच्या हाडांनी, चटणी वाटावी तसं. मी डॉक्टरांना सांगितलं, "सार, हे चोळण्यानंच वाढतंय."

"राव, तुम्ही कधीपासून डॉक्टर?" असं म्हणून ते हसले. मग बाकीचे हसले. पगार घेणाऱ्यांना हसावंच लागतं.

वर्षभरानं डॉक्टर मद्रासला परिषदेला गेले. परत आल्यावर सगळ्यांना उभं करून सांगितलं, "परदेशात मोठा अभ्यास झालाय. डोळे चोळणं फार वाईट!"

मी म्हटलं, "त्यांच्याकडं बाक असेल, सार."



*

आता तुळजा. माझ्या लेकीची मुलगी, नववीत होती. जेवताना, वाचताना डोळे चोळायला लागली, तसेच, हाडांनी. एक दिवस म्हणाली, "आजा, डाव्या डोळ्याला फळ्यावरच्या ओळीला सावली दिसते." मी ताट सारून उठलो.

घेऊन गेलो. डॉक्टरांनी वरही पाहिलं नाही. "ॲलर्जी आहे. खाजेचे थेंब घाला, सहा महिन्यांनी या."

"सार, एक नकाशा काढा."

"राव, मशीन नातेवाइकांच्या हौसेसाठी नाही."

दोन महिन्यांत एका ओळीच्या तीन झाल्या. मशीन चालवणारी अमुदा, तिला मी सांगितलं. तिनं दहीभाताचा डबा तसाच बंद केला आणि जेवणाच्या सुट्टीत नकाशा काढला. डाव्या डोळ्यात मधोमध तांबडं. मी तो नकाशा तुळजाच्या कार्डाला टाचला. आमच्या कार्डावर नाव आतल्या पानावर, बाहेर फक्त नंबर. आणि शनिवारच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.

शनिवारी डॉक्टर नव्या पोरांना शिकवायचे. बाहेरगावचे दोन पाहुणे डॉक्टरही बसले होते. साहेबांनी वरचा कागद उचलला आणि खूश झाले. "बघा! अगदी वेळेवर सापडलेली केस. आजच दिवा लावू. आणखी चार महिने गेले असते तर हा डोळा गेला होता!"

मग कार्ड उलटून मागची जुनी नोंद वाचली, आणि कपाळाला आठ्या. "दोन महिन्यांपूर्वी ही मुलगी दाखवायला आली होती? आणि कुठल्या गाढवानं नकाशा न काढता खाजेचे थेंब देऊन हिला घरी पाठवलं? अक्षर बघा, कोंबडी नाचलीय! असल्या डॉक्टरानं त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली पाहिजे!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. अमुदा खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, "मुलगी बाहेर बाकावरच बसलीय, सार. घर लांब पडत असेल तर इथंच आणू का?"

त्याच दुपारी दिवा लागला. तुळजाचा डोळा होता तिथं थांबला. सोमवारी मला मशीन चोरून वापरल्याचा मेमो मिळाला. तेच कोंबडीचं अक्षर! कुणाचं, ते लगेच ओळखलं मी. माफीची वाट तुळजा आणि मी अजून बघतोय, डॉक्टर वरदराजन.