पाटाच्या वरच्या अंगाची जमीन

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

बारामतीपासून इंदापूरपर्यंत, थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन लिलावात घ्यायची म्हटलं की लोक आधी माझ्याकडे येतात. येणारच! सातबाऱ्यावर कुणाचा बोजा आहे का, जायला वाट आहे का, प्रत्यक्षात कसतंय कोण — मी सगळं घोकवून घेते त्यांच्याकडून. बोली मिळाली म्हणून लगेच नाचू नका, मूळ मालक मुदतीत पैसे भरून लिलाव रद्द करून घेऊ शकतो, हेही मीच बजावते. आणि सगळ्यात आधी, जमिनीवर पाय ठेवून या. ऐकीव माहितीवर बोली लावाल तर आमच्या तात्यांच्या सांगण्यावरून माझं झालं, तसं होईल! इथे सगळे हसतात. दर वेळी.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. एके काळी त्यांनी माती हातात घेऊन पाहिल्याशिवाय आमच्या भावकीत जमिनीचा व्यवहार होत नसे. माझ्या पहिल्या लिलावाच्या वेळीही त्यांनी सांगितलं होतं — "सूनबाई, ती जमीन पाटाच्या वरल्या अंगाला हाय. पाट वलांडून जा, डोळ्यानं बग."

पाटाच्या खालच्या अंगाला पाणी आपसूक उतरतं, ऊस डुलतो. वरच्या अंगाला मुरूम आणि कुसळं. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी बघायला गेले, हे खरं. पण ऊन मी म्हणत होतं, पायात नवी चप्पल — पुलावरूनच पाहिलं. खाली हिरवागार ऊस. म्हातारा वरचं-खालचं विसरला असेल, असं मीच ठरवून टाकलं. आणि घरी काय सांगितलं? सगळं रान पायी फिरून आले.

लिलाव मी जिंकला. सगळं घर नारळ घेऊन निघालं. तिथे तलाठ्याने हात केला तो पाटापलीकडे — वर. उघडा माळ. नवऱ्याने विचारलं, "तू बघितली होतीस ना?"

मग मी — कसं सांगू? — मी म्हणाले, "तात्यांनीच खालची म्हणून सांगितली."

चोराच्या उलट्या बोंबा. तात्या शेजारीच उभे होते. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मग नवऱ्याला म्हणाले, "व्हय. माजंच चुकलं."

त्यानंतर त्यांना कुणी जमीन बघायला नेलं नाही.

आणि माझं? माझं सोनं झालं! खालच्या जमिनी पाणी पिऊन पिऊन खारवटल्या. माझा माळ कोरडा ठणठणीत — मी त्यावर गोदाम बांधलं. आज तिथे जागा मिळावी म्हणून लोक माझ्या दारात बसतात. अभिमान वाटतो का? वाटतो. खोटं कशाला बोलू — निदान इथे तरी.

मध्यंतरी तात्यांची स्वतःची सून माझ्याकडे आली. सांगवीजवळची जप्तीतली जमीन निघाली होती. "मामंजींना न्हाय विचारलं, आक्का," ती म्हणाली. "त्यास्नी जमिनीतलं कळत न्हाय, तुमीच सांगता की."

मीच सांगते की.

मी तिला एकेक गोष्ट तपासायला लावली. जमीन मिळाली, मुदत उलटून लिलाव कायमही झाला — काळी कसदार, रस्त्याला लागून. पेढे घेऊन तात्या स्वतः आले. "घे सूनबाई. तुज्यामुळं झालं."

मी पेढा घेतला. आणि म्हणाले — हो, हेही मीच म्हणाले — "बघा तात्या, नीट चौकशी केली की असं होतं."

"व्हय," ते म्हणाले, आणि आणखी एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

लाज वाटली? नाही. छाती फुगली होती माझी. दोन्ही पेढे मी त्यांच्यासमोर खाल्ले.

तात्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं. खोटं मी बोलले.