मागून उघडायचा गुडघा

डॉक्टरने आमच्या माणसाला फसवलं. आधी हे ऐका, मग माणूस कसा ते सांगतो.

"डेय, हट!" ही त्याची आरोळी, आणि आरोळीआधी धक्का. चेन्नईजवळ ओरगडमला माझ्या क्रेनना भार बांधायचं काम त्याचं. तंजावरचा मराठी, शिव्या तमिळ, माया मराठी. टांगलेल्या लोखंडाखाली कोणी दिसला की कॉलर धरून फेकायचा. एकदा मलाच, त्याच्या मुदलाळीला म्हणजे मालकाला, थोबाडीत मारली.

"मुदलाळी तू गेटाबाहेर! इथं मेलास तर मी भांडू कुणाशी?"

मी हेल्परपासून मालक झालेला माणूस. कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याचं ऐकलं.

त्या दिवशी एक सुपरवायझर भाराखाली उभा राहून फोटो काढत होता. याने त्याला लाथ घालून उडवलं. तेवढ्यात साखळी तुटली आणि लोखंडी साच्याने याचाच गुडघा खांबावर चिरडला. तो किंचाळला नाही. सुपरवायझरला म्हणाला, "आता काढ फोटो."

डॉक्टरने स्कॅन दाखवला. नडगीच्या माथ्याचा मागचा तुकडा फुटून खाली सरकला होता. "पालथं घालून मागून उघडावं लागेल. पुढून तिथे धातूची पट्टी बसत नाही."

"पुढून जमणारच नाही?" मी घासाघीस करून पाहिली, सवयच ती.

"नाही."

ठरलं. ऑपरेशननंतर ड्रेसिंग बदलताना त्याने मान वाकवून पाहिलं, गुडघ्यामागे हात फिरवला.

"मुदलाळी, मागं टाकाच नाही की हो!"

टाके सगळे पुढून होते. मी डॉक्टरला वॉर्डातच गाठलं. "पालथं घालण्यात वेळ जातो," तो म्हणाला. "पुढची वाट माझ्या हातातली आहे." मी त्याला गळा धरून भिंतीवर आपटलं. चार रखवालदार माझ्या अंगावर पडले. खाटेवरून हा ओरडत होता, "सोडा त्याला! माझा पाय अजून त्याच्याच हातात आहे!"

हाड तसंच वेडंवाकडं जुळलं. गुडघा वाकवला की नडगी मागे घसरते, आणि तो पडतो. ज्याने आयुष्यभर लोकांना ढकललं, त्याला आता उंबरठा ढकलतो. तो तंजावरला बहिणीकडे गेला. माझ्या यार्डात आता सगळे एकमेकांशी नीट बोलतात. मला ते सहन होत नाही.

डॉक्टर, वाट बदललीत तेव्हा तो टेबलावर होता, मी दाराबाहेर होतो. का विचारलं नाहीत? मला सांगू नका. गाडी माझी, तंजावरला चला. त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि त्याला सांगा.