आजोबांचे पडलेले दोन दात

कुत्र्याचं वय मला दातांवरून अचूक ओळखता येतं, असं मी आयुष्यात एकदाच म्हणालो.

म्हणायला आधार होता हो! रांजणगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, दिवसभर माल तपासतो. त्यातून आमचे वडील, आप्पा, हे बैलांचे जाणकार. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक आधी आप्पांना गाठायचे. आप्पा बैलाचे खालचे दात मोजून वय सांगायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठ झाले की बैल जुळला, म्हणजे पुरता वयात आला. पुढं दात पडायला लागले की म्हातारा. एवढी विद्या माझ्याही पदरात पडली होती.

मागच्या वर्षी कंपनीच्या बसथांब्यावर एक कुत्रं सापडलं. अंगावर केस नाहीत, बरगड्या मोजून घ्याव्यात, तोंड पांढरं, आणि दोन पावलं टाकली की बसणार. मला भरून आलं. उचलून घरी आणलं.

बायको, संगीता, दारातच आडवी आली. "कुत्रं पाळायचं न्हाई म्हंजी न्हाई! मागच्यानं माझ्या चार कोंबड्या खाल्ल्या!"

"अगं, हे म्हातारं हाय. चार दिवसांचा पाव्हणा. जाताना दोन घास तरी पोटात जातील."

"म्हातारं कशावरनं?"

मी बाह्या सरसावल्या. कुत्र्याचं तोंड उघडून खालचे पुढचे दात मोजले. सहा! "हे बघ, आठातले दोन पडलेत. उतरतीला लागलंय." (वरच्या जबड्यातही पुढं दात होते. बैलाला तिथं नसतात. मी ते बोनस धरले.)

ओट्यावरून आप्पा खाकरले. "आरं, त्यो बैल न्हाई."

"आप्पा, दात त्ये दातच!"

आप्पांनी एकदा कुत्र्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तंबाखू मळायला लागले.

"बरं, ऱ्हाऊ द्या," संगीता म्हणाली. "म्हातारं हाय म्हणून हं! तरणं असतं तर उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

नाव ठेवलं आजोबा. दुधात कुस्करलेली भाकरी, गुडघ्यांना कोमट तेल, उन्हाला पोतं. "आजोबा, जेवून घ्या बरं," असं संगीता इतक्या मायेनं म्हणायची की मलाच पानावर बसावंसं वाटायचं. (मला नुसती ताटाचा आवाज करून बोलवते.)

महिन्याभरात आजोबांना केस आले, पाय जाड झाले. "सूज हाय," मी म्हणालो. "वय झालं की येते." मग आजोबा कोंबडीमागं धावले. "भ्रम झालाय." मग माझा कंपनीचा बूट चावला. "हिरड्या शिवशिवत असतील बिचाऱ्याच्या!" प्रत्येक रोगाचं निदान माझ्याकडं तयार होतं.

एक दिवस सकाळी संगीता किंचाळली. आजोबांच्या वाटीत दात पडला होता!

"आठातले तीन गेले," मी जड आवाजात म्हणालो. "आता काही खरं न्हाई."

संगीतानं पदर डोळ्याला लावला. "चार दिवसांचा पाव्हणा म्हणून ठेवलं खरं, पर आता जाऊ नये वाटतंय हो." मी कंपनीत फोन करून सुट्टी टाकली. बातमी आळीत पसरली. शेजारच्या शांताकाकू गंगाजल घेऊन आल्या. आजोबांनी ते चाटूनपुसून प्यायलं आणि काकूंचा पदर ओढत अंगणाला दोन फेऱ्या मारल्या.

"दिवा इझायच्या आधी मोठा होतो," काकू हुंदका देत म्हणाल्या.

मी मोटरसायकल काढली. मागं संगीता, तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेले आजोबा. थेट शिरूर, जनावरांचे डॉक्टर.

डॉक्टरांनी तोंड उघडलं, बघितलं आणि चष्मा काढून हसत सुटले. "अहो, दुधाचे दात पडतायत! पाच महिन्यांचं पिल्लू आहे. थोराड आहे, अजून चांगलं वाढेल."

"पण दोन दात आधीच..."

"कुत्र्याला खाली पुढं सहाच असतात. आठ बैलाला!"

"आन् तोंड पांढरं झालंय ते?"

"रंगच आहे तो." त्यांनी केसपेपर ओढला. "नाव काय पिल्लाचं?"

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "आजोबा."

परतीच्या वाटेवर मी गाडी मुद्दाम हळू चालवली. बोली म्हाताऱ्याची झाली होती, आणि मागं बसलं होतं तरणंताठं!

ओट्यावर आप्पा वाटच बघत होते. "किती म्हैन्यांचं निगालं?"

"आप्पा! तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"पहिल्याच दिशी. पर खरं बोललो असतो तर सूनबाईनं दारातनंच धाडलं असतं. आन् तू इतका मन लावून चुकत व्हतास, म्हनलं कशाला मधी पडा?"

मी भीत भीत संगीताकडं बघितलं. "मग... काय करायचं गं ह्याचं?"

तिनं आजोबांना कडेवरून खाली न ठेवताच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ऱ्हाऊ द्या. तुम्हाला जावई म्हणून पसंत करताना तरी आमच्या आण्णांनी कुठं दात मोजले व्हते? चौदा वर्सं सांभाळतेच की!"

मी तोंड गच्च मिटून घेतलं. न जाणो, मोजायला लागली तर!